बेल मास्तर : टेलिफोनमागचा शिक्षक



स्मरणिकेचे काम सुरू झाले की आमची संपादक मंडळी माझ्याकडे हटकून रेल्वेवर लेख मागतात. नोकरी रेल्वेच्या सिग्नल आणि दूरसंचार खात्यातली, त्यामुळे मला दुसरे काही सुचणार नाही असा त्यांचा समज असावा. यंदा मी रेल्वेवर लिहीत नाही. पण ज्या यंत्राशिवाय आमच्या खात्याचे एक पानही हलले नसते, त्या टेलिफोनच्या जनकावर लिहितो. तेही टेलिफोनसाठी नव्हे, तर त्यांनी आयुष्यभर केलेल्या दुसऱ्या कामासाठी.

त्याचे कारण आपल्या गावातच आहे. म्हैसुरात राहणाऱ्या बहुतेक मराठी घरांना हा अनुभव असेल. सांगली, बेळगाव, सोलापूरकडून कोणा नातेवाइकाचा, नाहीतर नातेवाइकाच्या नातेवाइकाचा फोन येतो. मूल अडीच-तीन वर्षांचे झाले, अजून बोलत नाही, हाक मारली तर वळत नाही, मानसगंगोत्रीच्या संस्थेत दाखवायचे आहे, दोन दिवस उतरायला येऊ का, अशी विचारणा असते. अखिल भारतीय वाक् आणि श्रवण संस्था आपल्या गावात १९६५-६६ च्या सुमारास सुरू झाली. वृंदावन आणि चामुंडी टेकडी बघायला येणाऱ्या पाहुण्यांबरोबर हे दुसरे पाहुणे आपल्याकडे तेव्हापासून येत आहेत. अशा पाहुण्यांबरोबर मीही तीन-चार वेळा तिथे गेलो आहे. तपासणीनंतर हातात जो आलेख मिळतो, त्यावर डेसिबल हा शब्द छापलेला असतो. त्यातला ‘बेल’ म्हणजे अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल. आपल्या नावाचा हा उपयोग त्या गृहस्थांना कदाचित टेलिफोनपेक्षाही जास्त आवडला असता.

उच्चारशास्त्राचे घराणे

बेल यांचा जन्म ३ मार्च १८४७ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो शहरात झाला. आपल्याकडे वैदिकांची किंवा कीर्तनकारांची घराणी असतात, तसे हे शुद्ध उच्चार शिकवणाऱ्यांचे घराणे होते. आजोबा लंडनमध्ये वक्तृत्व शिकवत, तोतरेपणावर उपाय करत. वडील अलेक्झांडर मेलव्हिल बेल हेही त्याच विषयातले नावाजलेले शिक्षक. आई एलायझा उत्तम चित्रकार होती आणि पियानो वाजवायची. तिला ऐकू मात्र फारच कमी येत असे. ती कानाला नळी लावी आणि नळीचे दुसरे टोक पियानोच्या फळीवर टेकवून स्वर पकडी.

घरातले इतर लोक आईशी त्या नळीतून मोठ्याने बोलत. मधल्या मुलाने, म्हणजे आपल्या अलेकने, वेगळी रीत शोधली. तो आईच्या कपाळाजवळ तोंड नेऊन हळू, खर्जातल्या आवाजात बोले. आवाजाची कंपने हाडातून आत पोचत आणि तिला शब्द कळत. चारचौघांत बसले असताना बोटांची मुळाक्षरे करून तो आजूबाजूचे संभाषण आईला सांगत राही. ध्वनी म्हणजे कंपन, आणि कंपन कानाशिवाय दुसऱ्या वाटेनेही माणसापर्यंत पोचते, हे या मुलाला शाळेत जाण्याआधी घरात कळले होते.

अलेकला हाताने काही करून बघण्याची आवडही लहानपणापासून होती. मित्राच्या वडिलांची पिठाची गिरणी होती. खोड्या करण्यापेक्षा काही उपयोगाचे करा, असे त्यांनी सुनावल्यावर त्याने गव्हाची साले काढण्यासाठी फिरत्या ब्रशांचे एक साधन बनवून दिले. पुढे थोरल्या भावाबरोबर त्याने एक बोलके डोके तयार केले. रबराची जीभ आणि ओठ, घशाच्या जागी नळी, मागून भाता. भाता दाबला की ते डोके आईला हाक मारल्यासारखा आवाज काढी. रडणारे मूल कोणाचे, म्हणून शेजारी बाहेर येऊन बघू लागले असे सांगतात. घरच्या कुत्र्याच्या गुरगुरण्याला हाताने जबड्याचा आकार देऊन त्याच्याकडूनही शब्दासारखे काही वदवण्याचा प्रयोग झाला. गंमत सोडली तर यात एक गंभीर गोष्ट होती. तोंडातला प्रत्येक अवयव कुठे ठेवला म्हणजे कोणता ध्वनी निघतो, याचा हा अभ्यासच होता.

दिसणारा उच्चार

वडिलांनी आयुष्यभर खपून एक लिपी तयार केली आणि १८६७ साली ती प्रसिद्ध केली. तिचे नाव ‘व्हिजिबल स्पीच’, म्हणजे दिसणारा उच्चार. या लिपीतली चिन्हे अक्षरांची नसून जीभ, ओठ, टाळू आणि कंठ यांच्या स्थितीची होती. चिन्ह बघायचे आणि तोंडातले अवयव तसे ठेवायचे, की ध्वनी आपोआप तोच येतो.

युरोपात ही फार नवलाची गोष्ट ठरली. आपल्याला त्यातले तत्त्व चटकन कळते, कारण आपली वर्णमालाच त्या तत्त्वावर रचलेली आहे. क-वर्ग कंठ्य, च-वर्ग तालव्य, ट-वर्ग मूर्धन्य, त-वर्ग दंत्य, प-वर्ग ओष्ठ्य, हे आपण मराठी तिसरी-चौथीत घोकलेले असते. उत्सवात अथर्वशीर्षाची आवर्तने होतात, तेव्हा गुरुजी ष आणि श यांतला फरक जीभ कुठे टेकवायची हे सांगूनच शिकवतात. मेलव्हिल बेल यांनी हीच गोष्ट चिन्हांत बांधली आणि जगातल्या कोणत्याही भाषेला लागू होईल अशी केली. जाहीर प्रयोगात अलेकला बाहेर पाठवत. श्रोत्यांपैकी कोणी विचित्र आवाज काढी किंवा परक्या भाषेतला शब्द सांगे, वडील तो फळ्यावर चिन्हांत लिहीत. मग अलेक आत येऊन, कधी न ऐकलेला तो ध्वनी नुसता वाचून हुबेहूब काढून दाखवी. संस्कृतातले उच्चारसुद्धा त्याने असे करून दाखवले होते.

यातूनच पुढचा विचार आला. न ऐकता, केवळ बघून ध्वनी काढता येत असेल, तर ज्याला ऐकूच येत नाही त्याला का काढता येऊ नये? १८६८ मध्ये लंडनच्या केन्सिंग्टन भागातल्या एका छोट्या शाळेत एकवीस वर्षांच्या बेल यांनी बहिऱ्या मुलांवर हा प्रयोग केला आणि मुले ध्वनी काढू लागली.

त्या काळी बहिरे मूल म्हणजे मुके मूल असे समीकरण पक्के होते. आपल्याकडेही परवापरवापर्यंत मूकबधिर हा जोडशब्द सर्रास वापरला जाई. पण अशा मुलाच्या घशाला बहुधा काहीही झालेले नसते. जे कधी ऐकले नाही ते बोलणार कसे, एवढीच अडचण असते. म्हणूनच आज आपण कर्णबधिर म्हणतो. अठराव्या शतकात पॅरिसमध्ये आबे द लेपे यांनी खुणांच्या आधारे अशा मुलांसाठी शाळा चालवली. त्याच पॅरिसच्या संस्थेतले डॉक्टर झाँ इतार यांनी १८२१ साली कानाच्या रोगांवर मोठा ग्रंथ लिहिला. कान-नाक-घशाचे वैद्यक आणि बहिऱ्यांचे शिक्षण अशी एकाच आवारात वाढत आली आहेत. बेल यांच्या हातून ही दोन्ही पुन्हा एकत्र येणार होती.

अमेरिकेतील मास्तरकी

१८६७ मध्ये धाकटा भाऊ क्षयाने गेला, १८७० मध्ये थोरलाही त्याच रोगाने गेला. उरलेल्या एकुलत्या मुलाची तब्येतही खालावू लागली, तेव्हा आईवडिलांनी बिऱ्हाड मोडले आणि त्याच वर्षी समुद्र ओलांडून कॅनडातल्या ब्रँटफर्ड गावी शेतवाडीवर आले. मोकळ्या हवेत मुलगा सावरला. १८७१ च्या एप्रिलमध्ये बॉस्टनच्या बहिऱ्या मुलांच्या शाळेत तिथल्या शिक्षिकांना ‘दिसणारा उच्चार’ शिकवण्यासाठी त्यांना बोलावणे आले. पुढच्या वर्षी आणखी दोन शाळा झाल्या, स्वतःचा वर्ग निघाला आणि १८७३ मध्ये बॉस्टन विद्यापीठात ते स्वरशास्त्राचे प्राध्यापक झाले. शिक्षण घेऊन पदवीधर झालेला हा माणूस नव्हता, हे आमच्यासारख्या डिप्लोमावाल्यांनी आवर्जून लक्षात ठेवावे.

त्यांचे शिकवणे हाताळून बघण्याचे होते. विद्यार्थ्याचा हात स्वतःच्या गळ्यावर ठेवून स्वरयंत्राचा थरथराट दाखवायचा, मग तो हात त्याच्या गळ्यावर ठेवायचा. रस्त्यावरून जाताना मुलांनी फुगा छातीशी धरावा, म्हणजे मागून येणाऱ्या घोडागाडीचा आवाज फुग्यातून हाताला कळतो, ही युक्ती त्यांचीच. जॉर्ज सँडर्स नावाच्या पाच वर्षांच्या जन्मतः बहिऱ्या मुलासाठी त्यांनी एक हातमोजा बनवला होता. मोज्यावर बोटांच्या पेरांपाशी अक्षरे लिहिलेली. गुरूने पेरावर बोट ठेवायचे, शिष्याने शब्द जुळवायचा. मोजा घालून दोघे फिरायला जात आणि भरपूर गप्पा मारत.

याच सुमारास मेबल हबर्ड ही विद्यार्थिनी त्यांच्याकडे आली. पाच वर्षांची असताना लाल पुरळाच्या तापात तिची श्रवणशक्ती पूर्ण गेली होती. आईवडिलांनी हट्टाने तिचे बोलणे टिकवून ठेवले होते आणि ओठ वाचण्यात ती तरबेज होती. जॉर्जचे वडील टॉमस सँडर्स कातड्याचे व्यापारी, मेबलचे वडील गार्डिनर हबर्ड वकील. टेलिफोनच्या प्रयोगांना पैसा पुरवला तो या दोघांनी, म्हणजे दोन कर्णबधिर मुलांच्या पालकांनी. कारखानदार, बँका किंवा सरकार त्यावेळी जवळपासही नव्हते.

मेलेल्या माणसाचा कान

टेलिफोनपर्यंतची वाट कशी गेली हे मला स्वतःला फार उशिरा कळले. डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षी आम्ही टेलिफोनचा रिसीव्हर उघडून पातळ पडदा आणि विद्युतचुंबक बघितला होता. हा पडदा कुठून सुचला, ते पुस्तकात नव्हते.

बेल यांना हवे होते एक असे यंत्र, जे आवाजाचा आकार काढून दाखवील. शिक्षकाने उच्चार केला की एक नक्षी उमटेल, मुलाने उच्चार केला की दुसरी, आणि दोन्ही जुळेपर्यंत मुलाने प्रयत्न करावा. त्यासाठी कानाच्या पडद्यासारखा पडदा हवा होता. बॉस्टनचे कानाचे शल्यचिकित्सक डॉ. क्लॅरेन्स ब्लेक हे व्हिएन्नाला कर्णरोगांचे पितामह आडम पोलित्झर यांच्या हाताखाली शिकून आलेले. पडद्याची नक्कल कशाला करता, खरा कानच घ्या, असे त्यांनी सुचवले आणि एका मृत व्यक्तीचा कान तयार करून दिला. १८७४ च्या उन्हाळ्यात बेल तो कान घेऊन ब्रँटफर्डला आले. कानातल्या हाडांना गवताची बारीक काडी चिकटवली, काडीचे टोक काजळी धरलेल्या काचेवर टेकवले आणि कानात तोंड घालून बोलू लागले. काच सरकत गेली तशी काजळीवर लहरींची रेघ उमटली.

हे बघताना एक गोष्ट त्यांच्या मनात ठसली. कानाचा पडदा कागदासारखा पातळ, तरी तो हातोडा, ऐरण आणि रिकीब ही त्याच्या मानाने जड हाडे सहज हलवतो. मग जरा मोठा पडदा लोखंडाचा तुकडा का हलवणार नाही? लोखंड चुंबकापुढे हलले की तारेतला प्रवाह आवाजाप्रमाणेच कमीजास्त होईल आणि दुसऱ्या टोकाला तोच पडदा उलट काम करील. टेलिफोनचे तत्त्व ते हेच.

पुढची हकिगत शाळेच्या पुस्तकात असतेच. मदतीला टॉमस वॉटसन हा हुशार कारागीर होता. १४ फेब्रुवारी १८७६ रोजी बेल यांचा अर्ज दाखल झाला आणि त्याच दिवशी एलायशा ग्रे यांचेही निवेदन पोचले. त्यावरून पुढे मोठे खटले झाले, ते बेल यांनी जिंकले. ७ मार्चला पेटंट मिळाले, १० मार्चला तारेवरून पहिले वाक्य बोलले गेले. इटलीहून आलेल्या अंतोनियो मेउच्ची यांनीही आधी असेच काम केले होते आणि अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने २००२ साली ठराव करून त्यांच्या कामाची दखल घेतली, हेही सांगितले पाहिजे. जूनमध्ये फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात बेल यांच्या कोपऱ्यातल्या टेबलाकडे लोकांचे लक्ष गेले ते ब्राझीलच्या सम्राटामुळे. त्यांनी बेल यांना ओळखले, कारण पूर्वी बॉस्टनमध्ये त्यांचा बहिऱ्यांचा वर्ग त्यांनी बघितला होता. टेलिफोनला पहिला मोठा श्रोता मिळवून दिला तोही या मास्तरकीनेच.

११ जुलै १८७७ रोजी बेल आणि मेबल यांचे लग्न झाले. कंपनीचे १,५०७ शेअर बेल यांच्या नावे होते. त्यांतले फक्त दहा स्वतःला ठेवून बाकीचे सगळे त्यांनी पत्नीला दिले. मात्र त्यांच्या हयातीत त्यांचा टेलिफोन ना त्यांच्या आईला वापरता आला, ना पत्नीला.

पैसा कुठे गेला

१८८० मध्ये फ्रान्सने बेल यांना व्होल्टा पारितोषिक म्हणून ५०,००० फ्रँक दिले. त्यातून त्यांनी वॉशिंग्टनला प्रयोगशाळा काढली आणि तिच्या उत्पन्नातून १८८७ मध्ये बहिरेपणाविषयी ज्ञान गोळा करून वाटणारी व्होल्टा ब्यूरो ही संस्था उभी केली. बहिऱ्यांना बोलायला शिकवण्याच्या प्रसारासाठी १८९० मध्ये एक संघटना स्थापन केली. श्रवणशक्ती मोजणारे ऑडिओमीटर बनवून शाळेतल्या मुलांचे कान तपासले. नावनिशीच्या कागदावर ते स्वतःला बहिऱ्यांचा शिक्षक म्हणवून घेत.

१८८६ च्या सुमारास अलाबामा राज्यातले एक गृहस्थ आपल्या सहा वर्षांच्या आंधळ्या आणि बहिऱ्या मुलीला घेऊन त्यांच्याकडे आले. मुलगी म्हणजे हेलन केलर. बेल यांनी तिला मांडीवर घेतले, घड्याळाचा ठोका तिच्या बोटांना जाणवू दिला आणि वडिलांना बॉस्टनच्या पर्किन्स संस्थेला लिहायला सांगितले. त्यातून ॲन सुलिव्हन ही शिक्षिका हेलनच्या घरी पोचली. तो दिवस होता ३ मार्च १८८७, योगायोगाने बेल यांचा चाळिसावा वाढदिवस. पुढे हेलनने आपले आत्मचरित्र बेल यांनाच अर्पण केले.

दुसरी बाजू

इथपर्यंतची गोष्ट गोड आहे आणि इथेच थांबले तर एक छान चरित्र पुरे होते. पण कर्णबधिर मंडळींना विचाराल तर बेल यांचे नाव निघताच पुष्कळांच्या कपाळावर आठी पडते. त्यांचे म्हणणे खोटे नाही.

बेल यांचा ठाम विश्वास होता की बहिऱ्या मुलाने बोलावे आणि ओठ वाचावेत, म्हणजे ते चारचौघांत मिसळेल. खुणांच्या भाषेने ते आपल्यासारख्यांतच राहील, अशी त्यांना भीती वाटे. त्यांना स्वतःला ती भाषा चांगली येत होती, तरी शाळेत ती नको आणि बहिरे शिक्षकही नकोत असे ते म्हणत. वॉशिंग्टनला बहिऱ्यांचे महाविद्यालय चालवणारे एडवर्ड मायनर गॅलॉडेट हे त्यांचे मोठे विरोधक. गॅलॉडेट यांची आईसुद्धा बहिरी होती. दोघेही बहिऱ्या आईचे मुलगे, आणि दोघांची मते विरुद्ध. गॅलॉडेट यांचे म्हणणे होते की बोलणेही शिकवा आणि खुणाही राहू द्या. १८९१ मध्ये त्यांच्या महाविद्यालयाने शिक्षक तयार करण्याचा वर्ग काढायचे ठरवले, तेव्हा तिथून बहिरे शिक्षक तयार होतील म्हणून बेल यांनी सरकारी पैशाला विरोध केला.

१८८० मध्ये इटलीतल्या मिलान शहरी बहिऱ्यांच्या शिक्षकांची परिषद भरली. जमलेले जवळजवळ सगळे ऐकणारे. त्यांनी ठराव केला की शाळांतून फक्त बोलण्याचीच पद्धत चालावी. देशोदेशी खुणा बंद झाल्या, बहिऱ्या शिक्षकांच्या नोकऱ्या गेल्या, मुलांच्या हातांवर छड्या बसल्या. हा ठराव बेल यांनी एकट्याने घडवला असे नाही, पण त्या मताला सगळ्यात मोठे वजन होते ते टेलिफोनच्या जनकाचे. या विषयाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेला त्या ठरावाबद्दल खेद व्यक्त करायला २०१० साल उजाडावे लागले.

दुसरी गोष्ट आणखी अवघड आहे. १८८३ मध्ये बेल यांनी अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीपुढे एक निबंध वाचला. बहिरी माणसे आपापसांत लग्ने करू लागली तर बहिऱ्या माणसांची एक वेगळी जातच तयार होईल, असे त्यांनी मांडले आणि अशी लग्ने होऊ नयेत म्हणून उपाय सुचवले. कायद्याने बंदी घालण्याच्या बाजूचे ते नव्हते, पण निबंधाने व्हायचे ते नुकसान झाले. वंशशुद्धीच्या चळवळीशीही त्यांचे नाव जोडले गेले. १९२१ च्या तिच्या जागतिक परिषदेचे ते मानद अध्यक्ष होते.

शास्त्र म्हणूनही तो निबंध टिकला नाही. मेंडेल यांचे आनुवंशिकतेचे नियम जगापुढे आले ते १९०० साली, ते बेल यांना माहीत असणे शक्य नव्हते. बेल यांच्याच व्होल्टा ब्यूरोच्या मदतीने एडवर्ड फे यांनी हजारो विवाहांची माहिती जमवून १८९८ मध्ये पुस्तक काढले, त्यात बहिऱ्या जोडप्यांची बहुतेक मुले ऐकणारी निघाली. आज कारण कळले आहे. बहिरेपणाची जनुके अनेक प्रकारची असतात. आईची वेगळी, वडिलांची वेगळी असतील तर मूल बहुधा ऐकणारे निघते. उलट दोघेही ऐकणारे असून दोघांतही एकच दोष लपलेला असेल तर मूल बहिरे जन्मू शकते. बहुसंख्य कर्णबधिर मुले ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी येतात. आपल्याकडे मामाची मुलगी करण्याची, आणि इथे दक्षिणेत मामा-भाचीच्या लग्नाची चाल आहे. तिथे हा लपलेला दोष समोरासमोर येण्याची शक्यता वाढते. लग्न ठरवताना हे जरूर ध्यानात घ्यावे.

आमच्या नात्यातली गोष्ट

हे सगळे माझ्या दृष्टीने नुसते पुस्तकी राहिले नाही. माझ्या मावसभावाचा मुलगा जन्मतः बहिरा. घरातले जाणते लोक म्हणत होते की आजोबाही उशिराच बोलले होते, मुलगे उशिरा बोलतात. तपासणी झाली तेव्हा तो चौथ्या वर्षात होता. मशीन लावले, शिकवणी सुरू झाली. पुढे ज्या शाळेत घातला, तिथल्या बाईंनी घरच्यांना बजावले की खुणा करू द्यायच्या नाहीत, नाहीतर बोलायचा आळस करील. आई मनावर दगड ठेवून पोराचे हात धरून ठेवायची. दोन वर्षांत त्याला पंधरा-वीस शब्द आले आणि आधी हाताने जे काही सांगायचा तेही बंद झाले. मूल दिवसेंदिवस भिंतीकडे बघत बसायचे. दुसऱ्या शाळेत खुणा आणि बोलणे दोन्ही मिळाले, तेव्हा कुठे तो खुलला. आज तो आयटीआयला फिटरचे काम शिकतो, मराठी लिहितो, थोडे बोलतो आणि मित्रांशी झरझर खुणा करतो. सुरुवातीला हुकलेली ती वर्षे मात्र परत आली नाहीत. वाक्य जुळवताना आजही तो अडतो.

यात त्या बाईंचा हेतू वाईट नव्हता, तसा बेल यांचाही नव्हता. पण मुलाला पहिल्या काही वर्षांत भाषा मिळाली पाहिजे. ती कानाने मिळो, डोळ्याने मिळो वा हाताने मिळो. एका वाटेच्या हट्टापायी दुसरी बंद केली आणि पहिलीही पोचली नाही, तर मूल दोन्हीकडून जाते. बेल यांच्या आयुष्यातून मी घेतलेला धडा एवढाच. ज्या मुलाने आईला बोटांनी संभाषण सांगितले, तो मोठेपणी इतरांच्या हातांची भाषा नाकारत राहिला, याचे मला आजही नवल वाटते.

आपल्या देशात

भारतात मुंबईला १८८५ मध्ये बहिऱ्या मुलांची संस्था निघाली. कोलकात्याची शाळा १८९३ ची. तिथले यामिनीनाथ बॅनर्जी परदेशी जाऊन हे शिक्षण घेऊन आले. आपल्या म्हैसुरात १९०१ मध्ये एम. श्रीनिवासराव यांनी बहिऱ्या आणि अंध मुलांसाठी शाळा काढली, म्हणजे बेल हयात असतानाच. या गावाला हा वारसा सव्वाशे वर्षांचा आहे.

बेल यांचे निधन २ ऑगस्ट १९२२ रोजी कॅनडात नोव्हा स्कोशियातल्या घरी झाले. दफनाच्या वेळी अमेरिका आणि कॅनडातले टेलिफोन एक मिनिट बंद ठेवण्यात आले होते. मेबल पाचच महिन्यांनी गेल्या.

त्यानंतर पुष्कळ काही बदलले. १९७८ साली डेव्हिड केम्प यांनी दाखवले की निरोगी कान स्वतःच अत्यंत बारीक प्रतिध्वनी परत पाठवतो. त्यावर आधारलेली तपासणी आज बाळ झोपलेले असताना काही मिनिटांत होते. दुखत नाही, टोचत नाही. त्याच दशकात आणि पुढे कॉक्लियर इम्प्लांट विकसित झाले. त्यात प्रवाहाच्या सूक्ष्म स्पंदनांनी थेट श्रवणाच्या नसेला जागे करतात. आवाजाचे विजेत रूपांतर करण्याची कल्पना इथेही आहेच. मात्र ते जितके लवकर बसेल तितका उपयोग अधिक, आणि बसवल्यावर शिकवणी सुटत नाही.

दुसरीकडे खुणांच्या भाषेलाही मान मिळाला. आपल्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सांकेतिक भाषेचा उल्लेख आहे. भारतीय सांकेतिक भाषेसाठी दिल्लीला २०१५ मध्ये केंद्र सुरू झाले आणि २०१८ मध्ये पहिला ३,००० शब्दांचा कोश निघाला. टेलिफोनचेही तसेच झाले. १९६४ मध्ये रॉबर्ट वाइटब्रेख्ट या स्वतः बहिऱ्या असलेल्या शास्त्रज्ञाने टेलिफोनच्या तारेवरून टंकलेखन पाठवण्याची सोय केली. आता तर माझा पुतण्या मोबाइल समोर उभा करून, व्हिडिओ कॉलवर दोन्ही हातांनी मित्राशी भांडतो. बेल यांचे यंत्र अखेर बहिऱ्यांच्या कामी आले, आणि तेही ज्या खुणा त्यांना नको होत्या त्यांच्यासाठी.

वाचकांना दोनच विनंत्या. नात्यात, शेजारात, कामवाल्या मावशींच्या घरी बाळ जन्मले तर पहिल्या महिन्यातच कान तपासून घ्यायला सांगा. टाळी वाजवली की वळते, यावर विसंबू नका, कारण पुष्कळदा ते हाताची हालचाल किंवा सावली बघून वळलेले असते. जन्मतः राहून गेले असेल तर वाट न बघता जा, आपल्याला तर रिक्षाचे अंतर आहे. आणि उत्सवात एखादे कर्णबधिर मूल आले तर त्याच्यासमोर उजेडात उभे राहून, सावकाश बोला. नमस्कार, प्रसाद, ये, बस, एवढ्या चार खुणा तरी शिकून घ्या. आपल्या बाप्पाचे कान सुपाएवढे म्हणतात. आपले निदान डोळे तरी उघडे असावेत.

गणपती बाप्पा मोरया!